इंदूअक्का आणि बुधवारच्या पिशव्या

आमच्या ग्रामीण रुग्णालयात सुधारणा सुचवणाऱ्यांची टंचाई कधीच नव्हती. पाण्याची होती, सलाईनच्या स्टँडची होती, मधूनमधून डॉक्टरांचीही होती. पण "तुम्ही असं करा, तुम्ही तसं करा" म्हणणारा एखादा तरी माणूस दर महिन्याला गाडीतून उतरायचा, भिंतीवर चित्रं दाखवायचा, समोसा खायचा आणि जायचा. त्यामुळे तालुक्यातली आरोग्यसेवा 'एकत्रित' करण्यासाठी आम्हाला एक कोच मिळणार असल्याचं पत्र आलं, तेव्हा मी माझ्या औषधाच्या खिडकीत बसून मोठ्यानं हसलो. म्हटलं, आता आम्हाला शिट्टी वाजवून पळवणार की काय!

मी इथला औषधनिर्माता. पिंप्राळ्यात राहतो आणि बावीस वर्षं एसटीनं येजा करतो. तोंडावर सगळे मला भाऊ म्हणतात. पाठीमागे खेकस्या म्हणतात तेही मला ठाऊक आहे, आणि त्यात फारसं खोटं नाही. रुग्णालयाचं गाव धुळे-जळगाव रस्त्यावर बरोबर मधोमध. आजार थोडा वाढला की अर्धे पेशंट धुळ्याला पळतात, अर्धे जळगावला. खेड्यातल्या आरोग्य केंद्राचा कागद वेगळा, आमचा वेगळा, खाजगी डॉक्टरचा वेगळा, मोठ्या दवाखान्याचा तर फाईलभर. कुणाला कुणाचा पत्ता नाही. हे एकत्र करायचं म्हणजे बेडकं पाटीत भरून मोजायची.

कोच यायच्या दिवशी आम्ही मीटिंगची खोली झाडून घेतली. आमच्या वैद्यकीय अधीक्षक साहेबांनी पांढरा शर्ट घातला. दहा वाजले, अकरा वाजले, कुणी आलं नाही. बाराच्या सुमाराला एक म्हातारी दारात येऊन उभी राहिली. सुती फिकट साडी, पायात रबरी चप्पल, खांद्याला झोळी आणि हातात आमचाच केसपेपर. शिपाई म्हणाला, "आजी, ओपीडी तिकडं." ती अहिराणीत म्हणाली, "तठूनच उनू बाबा," आणि सरळ आत येऊन बसली.

त्या इंदूअक्का. धुळे जिल्ह्यात पस्तीस वर्षं नर्स आणि मग आरोग्य सहाय्यिका म्हणून वाड्यावस्त्या पायाखाली घातलेली बाई. सकाळी साडेआठला आल्या होत्या, केसपेपर काढला होता आणि साडेतीन तास आमच्याच रांगांत उभ्या होत्या.

साहेब एकदम ओशाळले. "अक्का, सांगायचं ना! आम्ही गाडी पाठवली असती."

"गाडीतून आले असते तर रांग कुठून दिसली असती?" अक्का म्हणाल्या. "माझ्यापुढे एक बाई होती, पोटुशी. चार ठिकाणी गेली. चारी ठिकाणी तिला एकच विचारलं, काय होतंय? तिनं चार वेगळी उत्तरं दिली. चौथ्या ठिकाणी तर म्हणाली, काही होत नाही."

आम्ही हसलो. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "असं का केलं असेल तिनं?"

आणि मग त्या बोटांच्या पेरांवर मोजायला लागल्या. अंगठा करंगळीच्या पेरावर, मग वरच्या, मग त्याच्या वरच्या. साहेबांनी घसा खाकरला. मला वाटलं, बाई जप करतेय. शेवटी एका सिस्टरनं तोंड उघडलं, "कंटाळली असेल हो, सांगून सांगून." अक्कांचं मोजणं थांबलं.

ही त्यांची खोड पुढे आमच्या चांगलीच परिचयाची झाली. प्रश्न विचारायचा आणि बारा पेरं मोजायची. तेवढ्या वेळात उत्तर स्वतः द्यायचं नाही म्हणजे नाही. आमच्या डॉक्टर सोनवणे मॅडम तरुण, हुशार, जरा घाईच्या. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, "अक्का, तुम्हाला माहीत असतं ना, मग सांगून टाका की! कोच कशासाठी आहात?"

अक्का म्हणाल्या, "पस्तीस वर्षं सांगितलंच की, पोरी." मग त्यांनी तरुणपणातली गोष्ट सांगितली. साक्रीकडच्या एका पाड्यावर जुलाबाची साथ होती. अक्कांनी घरोघरी फिरून साखर-मिठाचं पाणी शिकवलं: एक लिटर पाण्यात इतकं मीठ, इतकी साखर. बाया हो हो म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी बघतात तर एका घरात तेवढंच मीठ-साखर भल्या मोठ्या हंड्यात कालवलेलं. लिटरचं माप त्या घरात नव्हतंच. "पोरगं वाचलं, देवाची कृपा. पण मी त्या बाईला ओरडले. आणि घरी येऊन विचार केला, इंदे, तू तिला एकदा तरी विचारलंस का, तुझ्या घरात भांडं कोणतं आहे?"

तर असं होतं. अक्का आठवड्यातून दोन दिवस धुळ्याहून एसटीनं यायच्या. डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. जेवायला कुणाच्याही शेजारी बसायच्या, साहेबांच्या किंवा झाडूवाल्या मावशीच्या, आणि त्या माणसाचा डबा आधी उघडून बघायच्या. आमच्याकडचा चहा त्यांना आवडत नसे आणि तसं त्या तोंडावर सांगत. वही कधी बाळगली नाही. नाव मात्र एकदा ऐकलं की विसरायच्या नाहीत, पेशंटच्या सुनेचंसुद्धा.

माझं आणि त्यांचं पहिलं वाजलं ते खिडकीवरून. एके दिवशी मी नेहमीप्रमाणे एका म्हाताऱ्यावर खेकसलो, "एकदा सांगितलं ना, सकाळ-संध्याकाळ!" मागून अक्कांचा आवाज आला.

"भाऊ, तुमची खिडकी तुम्ही बाहेरून बघितली का कधी?"

मी म्हटलं, "बावीस वर्षं आत बसतोय, बाहेरून काय बघायचंय त्यात?"

त्यांनी पेरं मोजायला सुरुवात केली. मला त्या मोजण्याचा भयंकर राग यायचा. तणतणत उठलो, दुसऱ्याला बसवलं आणि बाहेर जाऊन रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा कळलं की खिडकीचं भोक माझ्या पोटाशी आहे. आतल्या माणसाशी बोलायचं तर कमरेत वाकून, मान वाकडी करून बोलावं लागतं. म्हाताऱ्या माणसांना ते जमत नाही. ती नुसता हात आत घालतात. बावीस वर्षं मी हातांना औषधं देत होतो. कुणाचंही तोंड मी पाहिलेलं नव्हतं, आणि ती सगळी मला ओळखत होती ती फक्त आवाजावरून! मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी कुणावरही खेकसलो नाही. संध्याकाळी सिस्टरनं विचारलं, भाऊ, बरं नाही का?

आता चिंधाबाईंचं सांगतो, कारण अक्का कळायच्या तर चिंधाबाईंशिवाय कळायच्या नाहीत.

चिंधाबाई आमच्यापासून चार किलोमीटरवरच्या खेड्यातली. साठीची, हडकुळी, पण हाताला असं कसब की पंचक्रोशीत लग्न असो की आखाजी, आमची अक्षय्यतृतीया, मांड्यांना चिंधाबाईच पाहिजे. पुरणाचा तो एवढा मोठा मांडा दोन्ही हातांवर झुलवत पातळ करायचा आणि चुलीवरच्या पालथ्या, तापलेल्या खापरावर अलगद टाकायचा, हे येरागबाळ्याचं काम नाही. तिच्या नावाशिवाय लग्नाची तारीख पक्की होत नसे, असं लोक चेष्टेनं म्हणायचे. नवरा गेल्यावर तिनं याच हातांवर मुलगा वाढवला होता.

त्या वर्षी माघातल्या एका लग्नात चिंधाबाई चुलीसमोर उभ्या उभ्या कोसळली. डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. त्याआधीही दोन-तीनदा चक्कर आली होती. मध्येच ती बरळायची, शेजारणीला भलत्याच नावानं हाक मारायची. सून म्हणाली, म्हातारचळ लागला. मुलानं खापर उचलून माळ्यावर टाकलं आणि सांगितलं, "आई, आता बास." चिंधाबाई घरात बसून राहिली आणि जास्तच खंगली. कशामुळे होतंय हे कुणालाच उमगत नव्हतं. केंद्रावाले म्हणायचे अशक्तपणा, आम्ही म्हणायचो वय, खाजगी डॉक्टर म्हणायचे टेन्शन.

एका मंगळवारी तिच्या गावच्या आशाताई रेखानं तिला रिक्षात आडवी घालून आणलं. अंग घामानं निथळत होतं, शुद्ध नव्हती. मॅडमनी बोटाला सुई टोचून साखर बघितली आणि मशीन बिघडलं समजून पुन्हा बघितली, इतकी खाली. ग्लुकोज चढवलं. अर्ध्या तासानं चिंधाबाईनं डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "मांडा करपना का?"

रेखा रडत रडत हसली. म्हणाली, "आज मी सहज डोकावले म्हणून. नाहीतर सून शेतात होती, मुलगा जळगावला."

दुसऱ्या दिवशी बुधवार. अक्कांचा दिवस.

अक्कांनी एक पद्धत सुरू केली होती. दर बुधवारी दुपारी, ज्या पेशंटचं काही जुळत नाही अशा एकाला, त्याच्या घरच्यांसह बोलवायचं. भोवती आम्ही सगळे: खेड्यातल्या केंद्राची सिस्टर, आशाताई, आमच्या मॅडम, मी. आणि पेशंटनं यायचं ते आपली पिशवी घेऊन. आमच्याकडे प्रत्येक घरात दवाखान्याची एक पिशवी असतेच, कापडदुकानाची, खिळ्याला टांगलेली. जुने कागद, एक्स-रेचे फोटो, औषधाच्या पट्ट्या, देवाचा अंगारा, सगळं त्यात. अक्का म्हणायच्या, "तुमची कागदपत्रं कुठं एकत्र येवोत न येवोत, त्या पिशवीत केव्हाचीच आली आहेत." पिशवी टेबलावर उलटी करायची आणि सगळ्यांनी मिळून बघायची. पहिल्या काही बुधवारी आम्ही आळस केला. मी तर एकदा पोटदुखीचं सोंग केलं होतं.

चिंधाबाईच्या सुनेनं पिशवी आणली. अक्कांनी चिंधाबाईला विचारलं, "उलटी करू का, माय?" तिनं मान हलवली. टेबलावर ढीग पडला. मॅडम एकेक पट्टी उचलून वाचायला लागल्या आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला.

"ही साखरेची. ही... पण तीच. आणि ही खाजगीतली, नाव वेगळं, पण आत तेच आहे. तिन्ही एकच आहेत."

हिरवी पट्टी केंद्राची, चंदेरी आमची, लालसर खाजगी डॉक्टरची. चिंधाबाई रोज सकाळी तिन्ही गिळत होती.

"अहो, तिन्ही का घेत होता?" केंद्राची सिस्टर जवळजवळ ओरडलीच.

चिंधाबाई शांतपणे म्हणाली, "तिन्ही डॉक्टर भला माणसे शेत, माय. एकनी खादी आनि दुसरानी टाकी दिधी, तं त्यासले काय वाटी?"

आता बोला! तिघांचा मान राखायला बाई तिप्पट औषध खात होती. वर लग्नघरी मांडे करायला गेली की देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय तोंड उष्टं करायची नाही, मग दुपारचे दोन वाजोत की तीन. गोळ्या मात्र पहाटेच घ्यायची, नेमानं. सुनेनं विचारलं, "पण आई, उपाशीपोटी?" तर म्हणे, "गोयी म्हंजे काय जेवन शे का?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. "पण आपल्याकडची तर मी सहा महिन्यांपूर्वीच बंद केली होती! केंद्रातून सुरू झाल्यावर मी लिहिलं होतं."

अक्कांचा अंगठा करंगळीच्या पेरावर गेला.

आमचा केसपेपर माझ्यासमोरच पडला होता. मी तो उलटा केला. मागच्या बाजूला मॅडमच्या अक्षरात होतं: केंद्रातून चालू, इथली बंद. आणि पुढच्या बाजूला, त्यानंतरच्या सहा महिन्यांचे सहा शिक्के. औषध दिले. औषध दिले. माझेच. एक हात आत यायचा, कागदाची पुढची बाजू दिसायची, मी शिक्का मारायचो आणि म्हणायचो, पुढे चला.

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो कागद परत पालथा घालायचा. कुणी पाहिलं नव्हतं. निवृत्तीला चार वर्षं उरलेली, मुलगी लग्नाची. पण समोर चिंधाबाई बसली होती आणि तिचा तो हात टेबलावर होता, कोपरापासून मनगटापर्यंत आवळलेल्या गुलाबी कातडीचा. मी अक्कांकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या, खिडकीबाहेर बघत मोजत होत्या. ओरडल्या असत्या तर मी भांडलो असतो. पण त्या नुसत्या थांबल्या.

"मी दिली," मी म्हणालो. "मॅडमनी बंद केली होती. मी कागद उलटून बघितलाच नाही. सहा महिने देत राहिलो."

माझा आवाज मलाच ओळखू येईना. वाटलं, आता खोली अंगावर येणार. पण मॅडम म्हणाल्या, "मी पाठीमागे का लिहिलं? पुढे लिहायला हवं होतं. तुम्हाला येऊन सांगायला हवं होतं, दहा पावलांवर तर बसता." मग रेखा म्हणाली, "ती खाजगीत जाते हे मला ठाऊक होतं. रागावेल म्हणून मी विचारलं नाही." केंद्राची सिस्टर म्हणाली, "आणि मी आधीचं काही चालू आहे का हे न विचारताच सुरू केली." एकामागून एक सगळे बोलले, आणि दर वाक्यागणिक माझ्या छातीवरचा धोंडा हलत गेला. पुढे साहेबांनी लेखी खुलासा मागितला तो दिला, समज मिळाली ती घेतली. पण त्या दुपारइतका मोकळा मी कित्येक वर्षांत झालो नव्हतो.

मॅडमनी दोन पट्ट्या बाजूला काढल्या, उरलेल्या एकीवर मोठ्या अक्षरात 'हीच' असं लिहिलं आणि खाजगी डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. तेही भले निघाले, म्हणाले, मला कुणी सांगितलंच नव्हतं. आता उरला प्रश्न नैवेद्याचा. मॅडम म्हणाल्या, "मांड्यांच्या दिवशी आधी खाऊन मगच गोळी." चिंधाबाईनं ठाम मान हलवली. देवाआधी आपण खायचं? शक्यच नाही.

सिस्टर समजावायला लागली. अक्कांनी हात वर करून तिला थांबवलं आणि चिंधाबाईलाच विचारलं, "मंग काय करता येईल, माय?" आणि पेरं मोजू लागल्या.

चिंधाबाईनं टेबलावर बोटानं एक गोल काढला, शेजारी दुसरा. मग म्हणाली, "पह्यला मांडा देवले. दुसरा माले. मंग बाकीना बठ्ठा लोकेसले."

म्हणजे नैवेद्य शेवटी नाही, सगळ्यात आधी! पहिला मांडा उतरला की लगेच देवापुढे, दुसऱ्यातला चतकोर चिंधाबाईच्या पोटात, वर गोळी. इतकं सोपं. साखरेच्या बाईला पुरण, म्हणून मॅडमनी डोळे वटारले, पण चतकोरावर तडजोड झाली. सून म्हणाली, "मग खापर काढू का माळ्यावरून?" आणि त्या बाईनं पदरानं डोळे पुसले. मला आधी वाटलं होतं की सासू घरात बसली म्हणून ती खूश असेल. माणसाला काय कळतं दुसऱ्याच्या घरातलं!

त्या शनिवारी मी चिंधाबाईच्या घरी माफी मागायला गेलो. अक्कांना म्हटलं, चला बरोबर. "माफी तुमची, भाऊ. मी कशाला?" असं म्हणून त्यांनी अंग काढून घेतलं. गेलो एकटाच. चिंधाबाईनं माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं नाही. बुधवारच्या गर्दीत तिनं मला नीट पाहिलं नव्हतं; आता माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, "तुमीच का ते खिडकीमधला? मी तं समजत व्हती, म्हातारा शे." मग मला शेव-भाजी आणि भाकरी खाऊ घातली. मी जेवता जेवता रडलो, आता लपवायचं काय त्यात.

त्यानंतर बुधवार कुणी चुकवला नाही. खिडकीही गवंडी लावून वर घेतली. अक्कांचं बोलणं मात्र कमी कमी होत गेलं. पहिल्यांदा त्या टेबलाशी बसायच्या, मग भिंतीकडच्या खुर्चीवर, मग पार मागे पंख्याखाली. मी एकदा टोमणा मारला, "अक्का, हळूहळू तुम्ही धुळ्यालाच पोचाल अशा सरकत सरकत." त्या म्हणाल्या, "तिथंच घर आहे माझं."

दीड वर्षाची मुदत संपत आली. आता दुसऱ्या तालुक्यात जायचं होतं त्यांना, शिरपूरकडे. शेवटच्या बुधवारी सत्कार ठेवा असं साहेबांचं म्हणणं होतं, पण अक्कांनी शाल-श्रीफळाला साफ नकार दिला.

आणि नेमकं त्याच बुधवारी चिंधाबाई आमच्याकडे आली, आदल्या दिवशीच धुळ्याहून घरी परतलेली. पित्ताशयात खडे निघाले म्हणून तिथं मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशनसाठी तिथं साखरेचं औषध बदललेलं, गोळ्या नव्या, वेळा नव्या. पिशवी उलटी केली तर पुन्हा ढीग! घरात जुनी पट्टी अर्धी शिल्लक असणार, केंद्रातल्या चालू महिन्याच्या गोळ्या तयार, वर धुळ्याची नवी. परत तिन्ही घेतल्या तर? आखाजी आठ दिवसांवर आणि तिला सात घरची आमंत्रणं.

पण या वेळी कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत बसलं नाही. रेखानं सांगितलं की तिनं बाई घरी पोचताच जुनी पट्टी काढून घेतलीय, ही बघा. मॅडमनी धुळ्याच्या डॉक्टरांना फोन लावून विचारलं की नवं किती दिवस आणि जुनं कधी. केंद्राच्या सिस्टरनं बरोबर आणलेल्या आपल्या रजिस्टरात जुनी बंद केली. मी माझा कागद आधी मागून वाचला, मग पुढून. मॅडम आणि सिस्टरचं थोडं वाजलंही. आखाजीला चुलीपुढं उभं राहू द्यायचं की नाही यावर. शेवटी ठरलं: टाका ओला आहे, यंदा तिनं पाटावर बसून फक्त सांगायचं, हात सुनेचे. आठवडाभर रोज सकाळी रेखा साखर बघणार. धुळ्याची एकच गोळी, सकाळी, पोटात काही गेल्यावर. बाकी सगळं बंद.

तासभर तरी गेला असेल. बोलणं संपलं आणि कोच काय म्हणतात म्हणून आम्ही सवयीनं मागे वळलो.

अक्का झोपल्या होत्या.

पंख्याखालच्या खुर्चीत, मान एका बाजूला कललेली, तोंड अर्धवट उघडं, मांडीवर झोळी. चक्क घोरत होत्या. दीड वर्षात त्या बाईची पापणी एकाही मीटिंगमध्ये लवली नव्हती. साहेब कुजबुजले, "दमल्या बिचाऱ्या." मला तसं वाटलं नाही. घरातलं कार्य पार पडतंय, वाढपी बरोबर वाढतायत, हे बघितल्यावर आई कोपऱ्यात बसल्या जागी डुलकते ना, तशी ती झोप होती. मला एकदम भरून आलं. सिस्टरनं आवाज न करता खिडकीचा पडदा ओढला, त्यांच्या तोंडावर ऊन येत होतं.

खुर्च्या सरकल्याच्या आवाजानं त्यांनी डोळे उघडले. अजिबात ओशाळल्या नाहीत. विचारलं, "झालं का?"

"झालं, अक्का," मी उत्साहानं म्हणालो. "ऐका आता, काय काय ठरलं ते..."

"माले काय सांगतस, भाऊ?" त्या म्हणाल्या. "तिले सांगा."

चिंधाबाईला बसवत नव्हतं म्हणून आम्ही तिला मध्येच बाहेरच्या बाकावर आडवं व्हायला पाठवलं होतं. आणि इतकं सगळं ठरवून तिला सांगायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मी नवी पट्टी घेऊन बाहेर गेलो. बाकापाशी उकिडवा बसलो, तिचं तोंड माझ्या तोंडासमोर येईल असा, आणि सांगायला लागलो.

सांगता सांगता सहज वर पाहिलं तर अक्का फाटकाकडे निघाल्या होत्या. रबरी चप्पल, खांद्याला झोळी, एका हातानं डोक्यावरचा पदर उन्हासाठी पुढे ओढलेला. कुणाचा निरोप नाही, मागे वळून बघणं नाही. रस्त्यावर धुळ्याची एसटी हॉर्न देत होती आणि अक्कांनी पावलं उचलली होती. मी हाक मारायला उठणार, तेवढ्यात चिंधाबाईनं माझ्या बाहीला धरून ओढलं.

"भाऊ, सकायनी कोनती सांगी?"

मी पुन्हा खाली बसलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.